हार्मोन, औषधं आणि पेशींचं वय: सांगली-सातारा भागातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, कराड, वाई या पट्ट्यातून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. त्यातल्या बहुतेकांत एक गोष्ट राहून गेलेली दिसते, ती म्हणजे मात्रा. पदार्थाचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. तो किती, कोणत्या वाटेनं आणि कुणाच्या शरीरात गेला, हे मात्र विचारलं जात नाही. म्हणून उत्तरांत जमेल तिथे आकडे दिले आहेत. एक विनंती आधीच करतो: इथलं वाचून चालू गोळी स्वतःहून बंद करू नका. का, ते प्रश्न ९ मध्ये कळेल.

१. हार्मोनची गोळी म्हणजे स्टेरॉइडच ना? आणि मग इन्सुलिनची गोळी का मिळत नाही?

हार्मोन म्हणजे एखाद्या ग्रंथीनं रक्तात सोडलेला निरोप. ज्या पेशीकडे तो ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर) असतो, तीच पेशी तो ऐकते. हे निरोप वेगवेगळ्या मालाचे बनलेले असतात. कॉर्टिसोल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन हे कोलेस्टेरॉलपासून बनतात. त्यांना स्टेरॉइड म्हणतात आणि त्यांची किंवा त्यांच्यासारख्या औषधांची गोळी चालते. इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांची, वाढीचं हार्मोन १९१ ची आणि ऑक्सिटोसिन फक्त ९ अमिनो आम्लांची साखळी आहे. अशा साखळ्या पोटात गेल्या की डाळीतल्या प्रथिनासारख्या पचून जातात, म्हणून त्या सुईनं द्याव्या लागतात. थायरॉइडचं हार्मोन तिसऱ्या प्रकारचं: छोटा रेणू, आयोडिन जोडलेला, पोटात टिकणारा. अपवाद निघू लागले आहेत. सेमाग्लुटाइड या साखळीवजा औषधाची गोळी मिळते, पण तिच्यातलं जेमतेम १ टक्का रक्तात पोचतं. त्यामुळे इंजेक्शनच्या मानानं गोळीत औषध कितीतरी जास्त घालावं लागतं.

२. म्हशीला पान्हा सोडायला इंजेक्शन देतात. त्या दुधानं मुलींना लवकर पाळी येते का?

ते इंजेक्शन ऑक्सिटोसिनचं. रक्तात त्याची निम्मी मात्रा काही मिनिटांतच नाहीशी होते. दुधात थोडं उतरलं तरी मुलीच्या पोटात ते पचतं (प्रश्न १). शिवाय पाळी सुरू करणाऱ्या साखळीत ऑक्सिटोसिनचा हात नाही. ते काम मेंदूतून सुटणारे वेगळे हार्मोन आणि इस्ट्रोजेन करतात. लवकर वयात येण्याशी ज्याचा संबंध पक्का दिसतो, ती गोष्ट म्हणजे वाढलेली चरबी. ८ वर्षांच्या आत छातीची वाढ दिसली तर दुधाला दोष देत थांबू नका, मुलीला बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

इंजेक्शन द्यायला हरकत नाही असा याचा अर्थ होत नाही. ते पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. दूध वाढवण्यासाठी जनावराला असं टोचणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. रोज टोचलेल्या म्हशीला पुढे सुईशिवाय पान्हाच सुटत नाही. यातला खरा त्रास म्हशीला होतो.

३. आम्ही द्राक्षाला जीए देतो, ते हार्मोनच आहे. मग ती द्राक्षं खाणाऱ्याचं काय?

जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, हे वनस्पतीचं हार्मोन. जपानमध्ये भाताची रोपं उंच होऊन लोळण्याचा एक रोग होता. त्याला कारण असलेल्या बुरशीत १९२६ मध्ये कुरोसावा यांनी याचा माग काढला. भात आणि द्राक्षवेल यांच्या पेशींत हा निरोप ओळखणारा ग्राहक असतो, माणसाच्या पेशींत नसतो. कुलूपच नसल्यावर किल्ली काय करणार?

मात्राही पाहू. १ ग्रॅम जीए १०० लिटर पाण्यात घातलं की १० पीपीएम होतं. ऑक्टोबर छाटणीनंतर घड लांबवायला साधारण एवढं आणि मणी फुगवायला ४० पीपीएमच्या आसपास वापरतात. मणी हिरवे, बारीक असताना डिपिंग (घड द्रावणात बुडवणं) होतं आणि काढणी त्यानंतर बऱ्याच आठवड्यांनी.

बागेत बिघडतं ते वेगळ्याच कारणानं. पावडर थेट पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून ती आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात घालावी लागते. बोअरचं पाणी क्षारट असेल तर जीए त्यात हळूहळू मोडतं. पीएच ५.५ ते ६.५ वर आणलेलं पाणी आणि त्याच दिवशी संपेल एवढंच द्रावण, हे सांभाळलं नाही तर मणी फुगत नाही. मग माणूस मात्रा वाढवतो, आणि देठ जाड होऊन घड कडक पडतो. खाणाऱ्यानं काळजी करायची ती कीडनाशक फवारल्यापासून काढणीपर्यंत ठेवायच्या दिवसांची. ते दिवस पाळलेत का, हा प्रश्न जरूर विचारा.

४. ब्रॉयलर कोंबडी ४० दिवसांत तयार होते. हार्मोनशिवाय हे कसं शक्य आहे?

अनेक दशकांची निवड-पैदास आणि नेमका खुराक यामुळे. वाढीचं हार्मोन प्रथिन असल्यानं खाद्यातून दिलं तर पचून जाईल, आणि हजारो पक्ष्यांना रोज एकेक सुई टोचणं कुणालाही परवडणार नाही. कोंबडीच्या बाबतीत विचारायचंच तर अँटिबायोटिकबद्दल विचारा. ती काळजी रास्त आहे.

५. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेते, पण चहा लगेच लागतो. चालेल का? आणि दोन दिवस चुकली तर?

लगेच नको. लेव्होथायरॉक्सिन लहान आतड्यात शोषलं जातं आणि वाटेत कॅल्शियम, लोह, कॉफी, सोयाबीन भेटलं की त्यातलं बरंच वाया जातं. आपला चहा दुधाचा, म्हणजे त्यात कॅल्शियम आलंच. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या, नंतर किमान ३० मिनिटं, जमलं तर ६० मिनिटं काही नको. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळीत ४ तासांचं अंतर ठेवा. बाळंतपणानंतर या तिन्ही गोळ्या एकदम चालू असतात आणि तिन्ही सकाळी एका घोटात घेतल्या जातात. मात्रा वाढवूनही टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं, थायरॉइड कमी पडलं की वाढणारं हार्मोन) खाली येत नाही तेव्हा पहिला संशय इथे घ्यावा.

सकाळी जमतच नसेल, पहाटे रानात किंवा गोठ्यात जायचं असेल, तर रात्री जेवणानंतर ३ तासांनी घ्या. तेही तितकंच चालतं. वेळ रोज एकच ठेवा.

या गोळीची निम्मी मात्रा शरीरातून जायला साधारण ७ दिवस लागतात. म्हणून एक दिवस चुकला तर काही कोसळत नाही, आठवली की घ्या. याच कारणानं मात्रा बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांच्या आत टीएसएच तपासून उपयोग नसतो. १५ दिवसांत तपासून पुन्हा मात्रा बदलली की आकडा झोपाळ्यासारखा वर-खाली होत राहतो.

दोन अपवाद. दिवस राहिल्याचं कळताच त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा, कारण बहुतेकींना मात्रा २५ ते ३० टक्के वाढवावी लागते. आणि हृदयविकार असलेल्या वयस्क माणसाला पूर्ण मात्रेनं सुरुवात करत नाहीत. १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून हळूहळू चढवतात, नाहीतर छातीत धडधड आणि दुखणं सुरू होतं.

६. आईचं वय ७४, टीएसएच ६.८ आला, टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) ठीक आहे. लॅबच्या कागदावर लाल खूण आहे. गोळी सुरू करायची का?

बहुधा नाही, पण हा निर्णय डॉक्टरांबरोबर बसून घ्या. वय वाढतं तसा टीएसएचचा साधारण आकडाही थोडा वर सरकतो. लॅबच्या कागदावरची मर्यादा मात्र तरुणांची आणि म्हाताऱ्यांची एकच छापलेली असते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रस्ट या चाचणीत ६५ वर्षांवरच्या, अशाच किंचित वाढलेल्या टीएसएचच्या ७३७ लोकांना गोळी किंवा नुसती खडूची गोळी दिली. थकवा आणि इतर लक्षणांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. गरज नसताना दिलेली गोळी म्हातारपणी हाडं ठिसूळ करू शकते आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकते. टीएसएच १० च्या वर गेला, टी-४ खाली आला किंवा मान सुजली, तर गोष्ट वेगळी. तपासणी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा, कारण आजारपणात वाढलेला आकडा कित्येकदा आपोआप खाली येतो.

७. उन्हाळ्यात ऊसतोडीच्या किंवा रानातल्या वस्तीवर फ्रीज नाही. इन्सुलिन कसं ठेवायचं?

न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांवर. वापरात असलेली बाटली ३० अंशांपर्यंत साधारण ४ आठवडे टिकते. एप्रिलमध्ये जतकडे पारा ४० च्या पुढे जातो, पत्र्याच्या खोपीत त्याहून वर. दोन मातीची मडकी घ्या, एकात एक बसणारी. मधल्या फटीत ओली वाळू भरा, वर ओलं फडकं टाका आणि सावलीत, वाऱ्यावर ठेवा. बाटली प्लॅस्टिकच्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा, पाण्यात नको. हवा कोरडी असेल तर आत बाहेरच्यापेक्षा बरंच थंड राहतं. वाळू दिवसातून दोनदा भिजवा. गावातल्या दुकानाच्या फ्रीजमध्ये ठेवायला दिली तर बर्फाच्या कप्प्याजवळ नको म्हणून बजावा. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी टाकून द्यायचं.

८. पिशवी काढली की हार्मोन बंद होतात का? वहिनीची ३४ व्या वर्षी काढली, आता हाडं दुखतात.

पिशवी म्हणजे गर्भाशय. हार्मोन बनवतात ती दोन बाजूंची अंडाशयं. पिशवी काढून अंडाशयं ठेवली असतील तर पाळी थांबते, हार्मोन चालू राहतात. फक्त रजोनिवृत्ती काही वर्षं अलीकडे येऊ शकते. दोन्ही अंडाशयंही काढली असतील तर इस्ट्रोजेन एका दिवसात तुटतं. ३४ व्या वर्षी असं झालं की हाडांची झीज, रक्तवाहिन्यांचं कडक होणं, झोप उडणं हे सगळं पंधरा-वीस वर्षं आधी सुरू होतं.

यातलं काय झालं हे घरी कुणालाच माहीत नसतं, म्हणून आधी डिस्चार्ज कार्ड काढा. त्यावर फक्त ‘टीएएच’ असेल तर पोटातून गर्भाशय काढलं. पुढे ‘बीएसओ’ असेल तर दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि अंडाशयंही गेली. कार्ड हरवलं असेल तर सोनोग्राफी आणि रक्तातलं एफएसएच (अंडाशयांना चालना देणारं हार्मोन) यावरून अंदाज येतो.

बीएसओ झालेल्या तरुण बाईला, स्तनाच्या कर्करोगासारखं काही कारण आड येत नसेल तर, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन देणं हाच सर्वसाधारण सल्ला आहे. गर्भाशय नसल्यानं एकटं इस्ट्रोजेन पुरतं. गर्भाशय असेल तर त्याच्या अस्तराच्या रक्षणासाठी प्रोजेस्टेरॉन जोडावं लागतं. ‘हार्मोनच्या गोळीनं कॅन्सर होतो’ ही भीती मुख्यतः २००२ मध्ये थांबवलेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीतून आली. त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि थांबवलेल्या गटाला दोन्ही हार्मोन एकत्र दिले होते. तिचे आकडे ३४ वर्षांच्या बाईला जसेच्या तसे लावणं चूक आहे.

आपल्याकडच्या कारखान्यांवर ऊसतोडीला येणाऱ्या बीडच्या बायकांच्या पिशव्या ऐन तारुण्यात काढल्याचं २०१९ मध्ये उजेडात आलं आणि राज्य सरकारला समिती नेमावी लागली. म्हणून पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर दोन प्रश्न विचाराच: याला दुसरा इलाज आहे का, आणि अंडाशयं ठेवणार आहात का?

९. गुडघेदुखीच्या पुड्यांनी वडिलांना पहिल्या दिवसापासून आराम पडला. आता चेहरा गोल झाला, साखर वाढली. पुड्या आजपासून बंद करू का?

एकदम बंद करू नका. जुनं दुखणं एका दिवसात पळवणाऱ्या, चिठ्ठी-लेबल नसलेल्या पुडीत स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता असते, बहुतेक वेळा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन. गोल चेहरा, मानेमागे चरबी, हातपाय बारीक, कातडी पातळ होऊन जरा धक्क्यानं निळे डाग, ही त्याचीच खूण.

हिशेब असा. आपलं शरीर रोज जेवढं कॉर्टिसोल बनवतं ते साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं असतं. ०.७५ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनही तेवढंच. पुडीतून याच्या दुप्पट-तिप्पट रोज येऊ लागलं की मेंदू मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना ‘काम नको’ असा निरोप धाडतो. तीन-चार आठवड्यांनंतर त्या ग्रंथी आळसावतात, काही महिन्यांत आकसतात. आता पुडी थांबवली तर बाहेरचं गेलं आणि आतलं सुरू झालेलं नाही. अशा वेळी माणूस गळून जातो, उलट्या होतात, रक्तदाब आणि साखर खाली येते. त्यातच ताप किंवा ऑपरेशन आलं तर जीवावर बेतू शकतं.

करायचं ते असं: उरलेल्या पुड्या बरोबर घेऊन फिजिशियनकडे जा आणि किती महिने, दिवसाला किती, हे सांगा. ते मोजलेल्या मात्रेची गोळी सुरू करून ती आठवड्या-आठवड्यांनी उतरवत नेतात, शेवटचे टप्पे सगळ्यात सावकाश. मध्ये सकाळी ८ च्या सुमारास कॉर्टिसोल तपासतात. प्रेडनिसोलोन चालू असेल तर काही यंत्रं त्यालाच कॉर्टिसोल समजून आकडा फुगवतात, म्हणून लॅबला गोळीचं नाव आधी सांगा. पुढचं वर्षभर दात काढायचा असला तरी डॉक्टरला ही गोष्ट सांगायची.

डॉक्टरांनी दमा, संधिवात किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी लिहून दिलेलं स्टेरॉइड ही वेगळी गोष्ट. त्यानं असंख्य जीव वाचले आहेत, १९५० चं नोबेल याच शोधाला मिळालं. ते घाबरून सोडू नका.

१०. तालमीतली पोरं आता जिममध्ये ‘टेस्टो’ची सुई घेतात. दूध-बदामासारखाच खुराक आहे, असं म्हणतात.

खुराक नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की प्रश्न ९ मधलाच प्रकार वृषणांच्या बाबतीत होतो. मेंदूचा निरोप थांबतो, वृषणं लहान होतात, शुक्राणू घटतात. हा परिणाम इतका खात्रीचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेनं आठवड्याला २०० मिलिग्रॅमची हीच सुई पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासली होती आणि बहुतेकांचे शुक्राणू शून्यावर गेले. जिममध्ये यापेक्षा जास्त टोचलं जातं. थांबवल्यावर बहुतेकांचं पूर्ववत होतं, पण कुणाला सहा महिने, कुणाला दीड-दोन वर्षं लागतात. लग्न ठरलेल्या मुलाला हे आधी कळायला हवं. याखेरीज चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं आणि रक्त घट्ट होतं.

११. पेशी म्हातारी होते म्हणजे नेमकं काय होतं?

१९६१ पर्यंत समज असा होता की काचेच्या बशीत ठेवलेली पेशी कायम दुभंगत राहते. लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी ४० ते ६० वेळा दुभंगतात आणि थांबतात. कारण पुढे सापडलं. गुणसूत्राच्या टोकाला टीटीएजीजीजी ही अक्षरं हजारो वेळा ओळीनं येतात. हे टोक म्हणजे टेलोमिअर, बुटाच्या नाडीच्या टोकाला असतं तसं टोपण. दर विभाजनात त्यातली ५० ते १०० च्या आसपास अक्षरं झिजतात. फार आखूड झालं की पेशी ते तुटलेला डीएनए समजते, पी५३ आणि पी१६ ही प्रथिनं ब्रेक लावतात आणि विभाजन कायमचं बंद होतं. टोपण पुन्हा बांधणारं टेलोमरेज हे विकर (एन्झाइम) एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरोल ग्रायडर यांनी १९८० च्या दशकात शोधलं, २००९ चं नोबेल त्यांना आणि जॅक शोस्टाक यांना मिळालं.

थांबलेली पेशी मरत नाही, हीच मेख आहे. ती फुगते, चपटी होते आणि आजूबाजूला सूज आणणारी रसायनं पाझरत राहते. तिच्या शेजारच्या तरुण पेशीही त्यामुळे बिघडतात. मात्र जखम भरताना अशाच पेशी थोडा काळ उपयोगी पडतात, आणि कर्करोगाच्या वाटेला लागलेली पेशी याच ब्रेकनं थांबते. बहुतेक कर्करोगांत टेलोमरेज पुन्हा चालू झालेलं आढळतं. म्हणून ‘टेलोमिअर लांबवणाऱ्या’ गोळीची जाहिरात पाहिली तर हे दुसरं टोकही लक्षात ठेवा.

१२. रक्तातून टेलोमिअर मोजून ‘खरं वय’ सांगतात. करून घ्यावं का?

नको. एकाच वयाच्या निरोगी माणसांतही लांबी खूप वेगळी असते आणि एकाच नमुन्याचे दोन प्रयोगशाळांतले आकडेही जुळत नाहीत. एखाद्या दुर्मिळ आनुवंशिक आजाराचा संशय असेल तर तज्ज्ञ ती तपासणी सांगतात. तेवढ्यापुरती ती कामाची.

१३. म्हाताऱ्या पेशी मारणारं द्रव्य स्ट्रॉबेरीत असतं म्हणे. महाबळेश्वर तर आपल्या जिल्ह्यातच!

द्रव्य खरं, नाव फिसेटिन. हिशेब करून पाहू. स्ट्रॉबेरीत ते ग्रॅममागे साधारण १६० मायक्रोग्रॅम मोजलं गेलं आहे, म्हणजे किलोला १६० मिलिग्रॅम. माणसांवरच्या चाचण्यांत वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅम देतात. ६० किलोच्या माणसाला १२०० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला साडेसात किलो स्ट्रॉबेरी. आणि एवढं करून उपयोग? २०१८ मध्ये उंदरांचं आयुष्य वाढल्याचा निष्कर्ष आला. नंतर अमेरिकेतल्या तीन केंद्रांवर एकाच वेळी चालणाऱ्या आयटीपी या काटेकोर चाचणीत फिसेटिननं आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. स्ट्रॉबेरी चवीसाठी खा.

या गटातलं जास्त तपासलेलं जोडऔषध डॅसॅटिनिब आणि क्वेरसेटिन. माणसांवरची पहिली छोटी चाचणी २०१९ ची, फुप्फुसं कडक होण्याच्या आजाराच्या १४ रुग्णांवर, आठवड्यातून तीन दिवस असं तीन आठवडे. डॅसॅटिनिब मुळात रक्ताच्या कर्करोगाचं औषध आहे. त्यानं प्लेटलेट उतरतात, फुप्फुसाभोवती पाणी होतं. निरोगी माणसानं ते मागवून घेणं धोक्याचं आहे.

१४. हळद रोज खातो, तरी कर्क्युमिनच्या गोळ्या घ्याव्यात का? सांगलीच्या हळदीत ते जास्त असतं ना?

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरच्या पेवांत ती वर्षानुवर्षं साठवली गेली. तिच्या रंगाचा आणि वासाचा अभिमान रास्तच आहे. पण हळदीत कर्क्युमिन सरासरी ३ टक्क्यांच्या आसपास असतं. ३ ग्रॅमच्या चमचाभर हळदीत साधारण ९० मिलिग्रॅम, आणि त्यातलंही रक्तात जवळजवळ काही पोचत नाही. १९९८ च्या बंगळुरूच्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिन नुसतं दिलं तर ते रक्तात मोजता येण्याइतकं जेमतेम सापडलं. मिऱ्यातलं २० मिलिग्रॅम पायपरिन जोडल्यावर शोषण २० पट झालं.

हे वाचून ‘मिरी घाला’ असं सांगणारे पुढचं सांगत नाहीत. पायपरिन हे साधतं ते परकी द्रव्यं बाहेर काढणारी यकृताची विकरं मंदावून. मग इतर औषधंही रक्तात जास्त साठतात. फिटवरचं फेनिटॉइन हे त्याचं ठळक उदाहरण. भाजीतल्या दोन मिऱ्यांनी काही होत नाही, एकवटलेल्या गोळीनं होतं. अशा गोळ्या घेणाऱ्या काहींना कावीळ होऊन यकृत सुजल्याच्या नोंदी आहेत. वॉरफरिन घेणाऱ्यांनी आणि पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी त्या टाळाव्यातच. आमटीतली आणि दुधातली हळद सुरक्षित आहे, कारण तिची मात्रा लहान आहे.

१५. आणि बेदाणा? द्राक्षातलं रेझव्हेरॅट्रॉल तरुण ठेवतं असं वाचलं.

ते द्राक्षाच्या सालीत, तेही मुख्यतः काळ्या जातींत. लाल वाइनमध्येही लिटरला एक-दोन मिलिग्रॅमच्या घरात, तर चाचण्यांत शेकडो मिलिग्रॅम दिलं गेलं. यीस्टवर २००३ मध्ये आशा दिसली. साध्या आहारावरच्या उंदरांचं आयुष्य आयटीपीत वाढलं नाही. तासगावचा बेदाणा खावा तो बेदाणा म्हणून.

१६. मधुमेह नसताना मेटफॉर्मिन घेतलं तर म्हातारपण लांबतं का?

तसं सिद्ध झालेलं नाही. २०१४ च्या ब्रिटनमधल्या नोंदींत मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही, मधुमेह नसलेल्यांपेक्षाही जास्त जगलेले दिसले आणि गाजावाजा झाला. डेन्मार्कच्या नोंदींत २०२२ मध्ये तसं आढळलं नाही. आयटीपीतही एकट्या मेटफॉर्मिननं ठोस फरक पडला नाही. उलट २०१९ च्या एका चाचणीत ६५ वर्षांवरच्या निरोगी लोकांना १४ आठवडे वजनं उचलायला लावली, तेव्हा मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे स्नायू कमी भरले. म्हातारपणी पाय चालते ठेवायचे तर स्नायूच हवेत.

मधुमेह असणाऱ्यांना मात्र हे उत्तम, स्वस्त औषध आहे. दीर्घकाळ घेत असाल तर बी-१२ तपासा, विशेषतः शाकाहारी असाल तर. पायाच्या मुंग्या साखरेच्या की बी-१२ च्या, हे त्याशिवाय कळत नाही. ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती गाळतं याचा आकडा) ३० च्या खाली गेला तर हे औषध बंद करतात.

१७. मग उंदरांत खरंच काम केलेलं औषध आहे तरी कोणतं?

रॅपामायसिन. ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूतून ते निघालं, सुरेंद्रनाथ सहगल यांच्या चमूनं कॅनडात त्यावर काम केलं. २००९ मध्ये आयटीपीनं ते ६०० दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या साठीतल्या उंदरांना दिलं. कमाल आयुष्याच्या मापानं नर ९ आणि माद्या १४ टक्के जास्त जगल्या. माणसाला मूत्रपिंड बदलल्यावर तेच औषध सिरोलिमस नावानं देतात. तोंड येणं, चरबी आणि साखर वाढणं, जखम न भरणं हे त्याचे ठरलेले त्रास. उंदीर स्वच्छ पिंजऱ्यात राहतात, आपण राहत नाही. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध इथल्या क्षयाच्या आणि डेंग्यूच्या वातावरणात हौसेनं घेऊ नये. सिरोलिमस किंवा टॅक्रोलिमस चालू असलेल्यांनी पपनसही टाळा. त्यातली द्रव्यं आतड्यातलं विकर बंद पाडतात आणि औषधाची पातळी एकदम चढते.

१८. एकादशीच्या उपवासानं पेशी स्वतःला साफ करतात, हे खरं का?

पेशी आपला टाकाऊ माल मोडून पुन्हा वापरते, ही गोष्ट खरी. यीस्टमध्ये ती उलगडल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. पण ती चालना अन्न कमी पडल्यावर मिळते. साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी आणि बटाट्याचा कीस खाऊन त्या दिवशी उष्मांक वाढतातच. उपवास श्रद्धेनं करा, त्याला वेगळा दाखला नको.

मधुमेहींसाठी: ग्लिमेपिराइड घेऊन पोट रिकामं ठेवलं तर साखर धोकादायक खाली जाते. डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या गोळ्यांबरोबर कडक उपवास केला तर साखर फार न वाढताही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. आषाढी-कार्तिकीच्या आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवसाची मात्रा ठरवून घ्या.

१९. एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे. म्हाताऱ्या पेशींचा बीटा-गॅलॅक्टोसिडेजचा निळा रंग तरुण पेशींनाही येतो. काय चुकतं?

नव्वद टक्के वेळा पीएच. हा रंग ६.० ला वाचायचा असतो. ४ च्या आसपास गेलात तर प्रत्येक पेशी निळी होते, कारण त्या पीएचला काम करणारं हे विकर सगळ्याच पेशींत असतं. बफर करताना ६.० असतो आणि मग प्लेट सवयीनं कार्बन डायऑक्साइडच्या इनक्युबेटरमध्ये ठेवली जाते. त्या वायूनं द्रावण आम्लधर्मी होतं. ३७ अंशांच्या साध्या, कोरड्या इनक्युबेटरमध्ये, कडा पॅराफिल्मनं बंद करून १२ ते १६ तास ठेवा.

मग फिक्सेशन. २ टक्के फॉर्माल्डिहाइड आणि ०.२ टक्के ग्लुटाराल्डिहाइड, ३ ते ५ मिनिटं, त्याहून जास्त नाही, नाहीतर विकरच मरतं आणि उलट काहीच निळं होत नाही. एक्स-गॅल (विकरामुळे निळं होणारं द्रव्य) डायमिथाइल फॉर्मामाइडमध्ये २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असं ताजं विरघळवा, शेवटी १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर येऊ द्या. निळ्या सुया दिसल्या तर ते स्फटिक आहेत, पेशी नव्हेत. द्रावण गाळून घ्या.

तिसरं कारण गर्दी. बशी पूर्ण भरून तीन-चार दिवस गेलेल्या पेशी म्हाताऱ्या नसतानाही निळ्या होतात. अर्धी-पाऊण भरलेली बशीच वापरा. कमी पॅसेजच्या पेशी आणि डॉक्सोरुबिसिन हे औषध देऊन थांबवलेल्या पेशी अशी दोन्ही टोकं शेजारी ठेवा, आणि नुसत्या रंगावर निष्कर्ष लिहू नका, पी१६ किंवा पी२१ जोडा. हळदीचा अर्क तपासत असाल तर एमटीटीपासून (जिवंत पेशी मोजायच्या रंगचाचणीपासून) जपा. कर्क्युमिनसारखी द्रव्यं पेशी नसतानाही एमटीटीचा जांभळा रंग आणतात. पेशी नसलेल्या खाचेत नुसता अर्क घालून तो आकडा वजा करा.

२०. गोळी वेळेवर घेते, प्रश्न ५ मधलं सगळं पाळते. तरी रिपोर्टमध्ये एकदम थायरॉइड वाढल्याचं आलं. वजन, ठोके सगळं नेहमीसारखं आहे.

केसांसाठी किंवा नखांसाठी गोळ्या चालू आहेत का, ते पाहा. त्यात बहुधा ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असतं, रोजच्या गरजेच्या शेकडो पट. अनेक यंत्रं हार्मोन मोजताना बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन यांची पकड वापरतात. रक्तातच बायोटिन तरंगत असेल तर पकड फसते: टीएसएच खोटा खाली, टी-३ आणि टी-४ खोटे वर. कागदावर हुबेहूब वाढलेल्या थायरॉइडचं चित्र उमटतं. यावर विसंबून चालू गोळी कमी केली तर पुढच्या दोन महिन्यांत खरोखरच थायरॉइड कमी पडतं. केसांच्या गोळ्या थांबवून किमान दोन-तीन दिवसांनी त्याच लॅबमध्ये, सकाळी, थायरॉइडची गोळी घेण्याआधी पुन्हा रक्त द्या. मात्रा तोवर आहे तीच ठेवा.